समोर कोण हवं?

लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव लावताना रेटिंगची मर्यादा ठरवता येते: आपल्यापेक्षा किती खालचा चालेल आणि किती वरचा. बरेच जण त्या पट्टीला हातही लावत नाहीत. मला मात्र ही निवड घड्याळाच्या निवडीइतकीच मोलाची वाटते. माझी पट्टी एरवी खाली पन्नास, वर दोनशे.

*

दोनशेच का? अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. रेटिंग मोजण्याची त्यांची पद्धत फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, १९७० मध्ये स्वीकारली. तिच्या हिशेबाने २०० गुणांचा फरक असला की खालच्या खेळाडूला चार डावांत साधारण एक गुण मिळायला हवा. ४०० चा फरक असला तर अकरा डावांत एक. चारांत एक मिळत असेल तर हरलेला डावही पुन्हा उघडून बघावासा वाटतो. अकरांत एकाच्या आशेवर मन लावून खेळणारे फार थोडे.

*

लीचेसवर नवं खातं १५०० पासून सुरू होतं आणि काही काळ आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. तो १५०० मुळात बाराशेचा असेल, दोन हजारांचाही असेल. त्याच्याशी खुशाल खेळावं, फक्त त्या निकालावरून स्वतःला जोखू नये.

*

आपल्याहून वरचढ खेळाडूकडून होणारी हार बहुधा आवाज न करता येते. वीस चाली झाल्या, एकही मोहरा फुकट गेलेला नाही, तरी श्वास कोंडल्यासारखा होतो. नीट पाहिलं की दिसतं: पांढऱ्याचा घोडा डी५ वर ठाण मांडून बसलाय आणि त्याला हुसकवायला आपल्याकडे प्यादं नाही. सी आणि ई ही दोन्ही प्यादी आपण केव्हाच पाचव्या घरात ढकललेली. बरोबरीचा प्रतिस्पर्धी अशा भोकाकडे अनेकदा दुर्लक्ष करतो, म्हणून ते आपल्यालाही दिसत नाही. वरच्याशी खेळायचं ते यासाठी. आणि वेळ भरपूर घेऊन. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये हे कळायच्या आत डाव संपतो.

*

खालच्यांशी खेळणं कमीपणाचं मानतात, ते मला मान्य नाही. वरचे खेळाडू हत्ती गेला की डाव सोडतात. नवशिके शेवटपर्यंत खेळतात, त्यामुळे जिंकत आलेला डाव प्रत्यक्ष जिंकून दाखवावा लागतो. वजीर जास्त असताना घाईत स्टेलमेट करून अर्धा गुण घालवणारे किती तरी! एक हत्ती आणि राजा घेऊन एकट्या राजाला कडेला रेटत नेण्याचा सराव असाच होतो.

धोका वेगळा आहे. दुसऱ्याच चालीला वजीर एच५, मग उंट सी४ आणि एफ७ वर मात, हे खालच्या पातळीवर वारंवार जमतं. जरा जाणता माणूस घोडा सी६ ला आणतो, मग जी६ करतो. वजीर एफ३ ला मागे सरकतो, लगेच घोडा एफ६ वर येतो. काळ्याचे दोन घोडे बाहेर, पांढऱ्याचा वजीर नुसता पळतोय. सोप्या विजयांनी असली खोड जडते आणि ती सुटता सुटत नाही.

*

बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या आणि तिघांना हरवलं. वाद झाला. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असं अखेर फिडेचे अध्यक्ष माक्स युवे यांना सांगावं लागलं. तगडा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून एका मुलीला एवढा लढा द्यावा लागला. आज गावातल्या मुलीला तसा प्रतिस्पर्धी मोबाइलवर मिळतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

*

माणूसच हवा असं नाही. लीचेसवरचे माया नावाचे बॉट ११००, १५०० आणि १९०० च्या आसपासच्या माणसांचे डाव शिकून तयार झालेत, त्यामुळे ते माणसासारखेच चुकतात. सोप्या पातळीवर ठेवलेलं स्टॉकफिश हे इंजिन एकदम भलतीच चाल करतं, मग पुन्हा चोख खेळतं. त्यातून हाती फारसं लागत नाही. लीला या दुसऱ्या इंजिनाचा एक बॉट तर स्वतःचा वजीर न घेताच बसतो आणि तरी हौशी खेळाडूंना भारी पडतो. वजीर जास्त असूनही आपली घडी कुठून विस्कटते, ते पाहायला तो उत्तम.

*

हरल्यावर त्याच खेळाडूला पुन्हा आव्हान द्यावं, पण आधी हरलेल्या डावातली पहिली वाईट चाल शोधून. रागात दिलेलं आव्हान त्याच सलामीत, त्याच जागी अडकतं.