रिकाम्या दगडावरचं शेवाळ



घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांत एकच दुःख असतं: शेवाळ. काच नवी, दगड नवे, पाणी नितळ, आणि तरी सगळं आधी तपकिरी आणि मग हिरवं होत जातं. हे का होतं ते गेल्या वर्षभरात मला कळलं, आणि त्याबरोबर मत्तयच्या बाराव्या अध्यायातला एक लहानसा दाखलाही.

टाकी माझ्या धाकट्या दिरांची. आम्ही हैदराबादेत एकाच घरात राहतो. भावजींनी दारू सोडली, त्याला चार महिने झाले तेव्हा त्यांनी रविवारी मंडळीसमोर साक्ष दिली. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं, पाळकसाहेबांनी मिठी मारली. मग सोमवार आला. कामावरून परतल्यावर सात ते दहा हे तीन तास त्यांना खायला उठायचे. जुन्या मित्रांचे फोन नेमके तेव्हाच यायचे, आणि फोन वाजला की सासूबाईंचे ओठ प्रार्थनेत हलू लागायचे. एक दिवस भावजी म्हणाले, "वहिनी, मला रोज सात वाजता काहीतरी काम पाहिजे. जिवंत काहीतरी." लहानपणी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयात पाहिलेले मासे त्यांच्या डोक्यात होते.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, म्हणून समुद्र घरीच करावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. तेवढा खारटपणा येईपर्यंत खास मीठ मोजून विरघळवायचं. दगडी प्रवाळांना आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून भावजींनी समुद्रातून काढलेला एक तुकडाही घेतला नाही. माणसानं बनवलेले सच्छिद्र दगड रचले. त्या छिद्रांत उपकारक जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते माशांच्या विष्ठेतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करतात. तोवर मासे सोडायचे नाहीत. नंतर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी आली, तीही हॅचरीत वाढलेली. या माशांची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याकडे करून दाखवली आहे.

आणि शेवाळ सुरू झालं. आधी वाळूवर कोको पावडर सांडल्यासारखा तपकिरी थर. ते डायटम, त्यांना सिलिका लागते. आपलं शहर ग्रॅनाइटवर बसलेलं, इथल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच. घरातला पिण्याचा आरओही पुरत नाही, कारण चवीसाठी अशा बऱ्याच मशिनांत थोडं मूळ पाणी परत मिसळतात. भावजींनी वेगळा आरओ बसवून त्यापुढे रेझिनचं नळकांडं जोडलं. तपकिरी थर ओसरला, पण तिसऱ्या महिन्यात दगडांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ आलं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं ते रोज खरवडायचे. तीन दिवसांत ते पुन्हा तेवढंच व्हायचं.

एका संध्याकाळी कोपरापर्यंत ओला हात टाकीतून काढून ते म्हणाले, "वहिनी, रोज घासतो, रोज येतं. माझंही असंच आहे." मला काही सुचलं नाही. मी चहा ठेवला.

त्याच रात्री फोन आला. भावजींनी बोलून चपला घातल्या. सासूबाई दाराकडे पाहत राहिल्या. दारातून ते वळले, कारण टाकीत पाणी घालायचं राहिलं होतं. उन्हाळ्यात रोज पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं, त्यामुळे खारटपणा वाढून माशांना त्रास होतो. म्हणून रोज संध्याकाळी गोडं पाणी घालायचं असतं. ते आत आले, मोजून पाणी घातलं, मासे दिसतात का ते वाकून पाहिलं. मग चपला काढल्या.

शेवाळाचं मूळ कळलं तसे उपायही साधे निघाले. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्याचं खत. हुसेनसागर उन्हाळ्यात हिरवा का होतो, हे टँक बंडवर फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. सांडपाण्यातून हेच खत त्यात उतरतं. टाकीत ते उरलेल्या खाद्यातून येतं. म्हणून मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य, दिवे दहा तासांऐवजी सात तास, दर आठवड्याला एक दशांश पाणी बदल, आणि खरवडलेलं शेवाळ पाण्यात न सोडता नळीनं बाहेर ओढून घेणं. एका दुकानात बाटलीतलं औषध सुचवलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. घेतल्या त्या शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी.

पण शेवाळाला मुख्य सोय होती ती रिकाम्या जागेची. नव्या दगडावर कोणीच राहत नाही, म्हणून जो लवकर वाढतो तो जागा धरतो. पाचव्या महिन्यात एका दगडावर गुलाबी-जांभळे ठिपके दिसले, टिकलीएवढे. हे कोरलाइन शेवाळ, दगडासारखं कठीण, समुद्रात प्रवाळखडकांना जोडून धरणारं. आमच्याकडे ते बहुधा गोगलगायींच्या शंखांवरून आलं. ते जिथे पसरलं, तिथे हिरव्या केसांना पाय रोवता येईना. आज वर्षभरानं बहुतेक दगड गुलाबी आहेत. हिरवं अजून कोपऱ्यात दिसतं, आणि ब्रश अजून टाकीशेजारी असतो.

आता तो दाखला. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, कोरड्या जागी विसावा शोधत भटकतो आणि परत येतो. घर त्याला झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं आढळतं. मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो, आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. मी पूर्वी हे वचन वाचताना त्या सात जणांना भ्यायचे. आता माझी नजर "रिकामं" या शब्दावर थांबते. त्या घरात घाण नव्हती. तिथे कोणी राहत नव्हतं, एवढंच.

आपण मंडळी म्हणून झाडलेल्या घरासाठी टाळ्या वाजवतो, ते चांगलंच आहे. पण साक्ष देऊन खाली बसलेल्या माणसाची सोमवारची संध्याकाळ कशी जाते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? प्रभूचा आत्मा त्याच्यात वस्ती करो, अशी आपण प्रार्थना करतो. ती वस्ती बहुधा हळूहळू होते, टिकलीएवढ्या ठिपक्यांनी, आणि कधी कधी दुसऱ्या कोणाच्या पाठीवरून येते.

तुमच्या मंडळीत अलीकडे कोणी काही सोडलं असेल, तर या आठवड्यात संध्याकाळी सातला त्याच्याकडे जा. उपदेश नको. कॅरमचा बोर्ड न्या, गायनाच्या सरावाला बोलवा, चर्चच्या खुर्च्या दुरुस्त करायला हात मागा. आणि पुढच्या आठवड्यात परत जा.