मुधोळचं सडपातळ घराणं

मुधोळ म्हटलं की मराठी वाचकाला आधी बाजी घोरपडे आठवतो, १६४८ साली शहाजीराजांना कैद करणारा. बेळगाव, गोकाक, चिकोडी, निपाणीकडच्या मळ्यांत मात्र हे नाव काढलं की बोलणं इतिहासाकडे वळत नाही. ते थेट कुत्र्यावर येतं.

गोकाकचा धबधबा उतरून घटप्रभा पूर्वेला जाते. तिच्याच काठच्या मुलखात मुधोळ आहे, आजच्या बागलकोट जिल्ह्यात. तिथलं कुत्रं लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट पार आत गेलेलं. खांद्यापाशी उंची ७० सेंटिमीटरच्या आसपास, पण वजन २० ते २८ किलो. दारात असा कुत्रा बघून नवखा पाहुणा हमखास विचारतो, "याला खायला घालत नाही का हो?" मालक हसतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसत नसतील तर कुत्रा सुटलाय, असं तो मानतो.

या जातीच्या मागे एका राजाचा आयुष्यभराचा नाद आहे. मालोजीराव घोरपडे १९०० ते १९३७ या काळात मुधोळच्या गादीवर होते. त्यांनी नवी जात घडवली नाही. शिकारीची ही कुत्री भागातल्या बेडर लोकांकडे आधीपासून होती. १८५७ साली हत्यारं इंग्रजांच्या हवाली करायला नकार देऊन उठलेलं हलगली हे बेडरांचं गाव याच टापूतलं. रानात राहणाऱ्या, रानावर पोसणाऱ्या या माणसांना कुत्र्याची पारख राजवाड्याच्या आधी होती. राजांनी ती पारख उचलली. चांगली कुत्री निवडली, जोड्या जुळवल्या, रक्त शुद्ध राखलं. पुढे इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्यांनी यातली एक जोडी भेट दिली आणि संस्थानाचं नाव कुत्र्याला कायमचं चिकटलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी मात्र ही जात 'कॅरव्हान हाउंड' म्हणून आहे, आणि महाराष्ट्रातही पुष्कळ जण तिला 'कारवान'च म्हणतात.

त्याच पाचव्या जॉर्जची आजी, व्हिक्टोरिया राणी, हिलाही कुत्र्यांचा असाच नाद होता, पण उलट दिशेचा. १८८८ साली फ्लॉरेन्सला गेली असता तिनं मार्को नावाचा छोटा पॉमेरियन आणला. विंडसरला पैदास सुरू केली, १८९१च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आपली पॉमेरियन उतरवली. राणीला लहान चणीची आवडतात म्हटल्यावर सगळ्यांनाच ती हवीशी झाली. पूर्वी दहा-बारा किलो भरणारी ही जात आज दोन-अडीच किलोंवर आली आहे. १९०१च्या जानेवारीत राणीनं प्राण सोडला, तेव्हा तुरी नावाचा तिचा लाडका पॉमेरियन तिच्या पलंगावर होता.

बेळगावच्या बंगल्यांत आणि निपाणीच्या पेठेतल्या घरांत हीच हौस शंभर वर्षांनी आली. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीनं पांढऱ्या केसाळ कुत्र्याला घराघरांत नेलं. तो खरा इंडियन स्पिट्झ, पण सगळे त्याला पॉमेरियनच म्हणत. मग २००३मध्ये मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतून पग आला. चपट्या नाकाचा हा जीव मे महिन्यात धापा टाकतो, आणि मालकाला पंख्याखालून उठायची चोरी होते. या सगळ्यांचं रूप माणसाच्या आवडीनं ठरवलं. मुधोळच्या कुत्र्याचं अंग सशानं घडवलं.

उघड्या माळावर ससा जीव घेऊन पळतो आणि ऐन वेळी वळतो. त्याला गाठायचं तर वास घेत बसून चालत नाही; नजर हवी आणि पाय हवेत. हा कुत्रा पूर्ण वेगात असताना एका ढांगेत दोनदा चारही पाय जमीन सोडतात. अंगावर चरबी नावालाच. या चणीच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी जाणता डॉक्टर जपूनच मात्रा ठरवतो. आता वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. उरलं ते राखणीचं काम.

त्या कामाचा दिनक्रम साधा. दिवसा गोठ्याच्या सावलीत ताणून झोप. समोर भाकरी दुधात कुस्करून ठेवावी, नाहीतर मक्याची कण्हेरी, कधी अंडं. कडूसं पडलं की अंग झटकून उठायचं आणि उसाच्या कडेनं फिरायचं. उगाच भुंकणं नाही. घरात मराठी आणि शेजारी कन्नड, त्यामुळे 'ये' आणि 'बा इल्ली' दोन्ही कळतं. मनात असलं तरच येतं, ही गोष्ट वेगळी. लॅब्राडॉरसारखं चेंडू आणून देणं याच्या रक्तात नाही. परक्यानं लाडानं डोक्यावर हात ठेवायला जावं, तर मान खाली घालून हा चार पावलं मागे सरकतो. दिवसभर साखळीला बांधलं तर मात्र बिघडतो, चिडका होतो.

कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांत उघडतात. त्यानंतर दारात माणसं यायला लागतात, कारण आता या जातीला सरकारी प्रतिष्ठाही आहे. २००५मध्ये टपाल खात्यानं काढलेल्या चार श्वानतिकिटांत एक मुधोळचं होतं. मुधोळजवळच्या तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. २०१६मध्ये इथली पिल्लं लष्कराच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेली, आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव घेतलं. मागणी वाढली तशी 'शुद्ध मुधोळ' म्हणून मिसळीची पिल्लंही खपू लागली. म्हणून जाणकार गिऱ्हाईक पिल्लाकडे नंतर बघतं. आधी आई दाखवा म्हणतं, आणि तिला मोकळी सोडून पळवून बघतं.

प्रदर्शनात पळवून बघायची सोय नसते. रिंगणात दुडक्या चालीनं फेरी मारायची, मग स्थिर उभं राहायचं. पंच जबडा उघडून दात बघतो, पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवतो. पॉमेरियनला या कोडकौतुकाची सवय असते. मुधोळवाल्याला त्याची तयारी पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून करावी लागते: आल्यागेल्याच्या हातात द्यायचं, ओठ वर करून दात दाखवायचे, बाजारच्या गर्दीतून फिरवायचं. ते राहिलं, तर वंशावळीचा कागद चोख आणि अंगात एक खोट नाही असा देखणा नरसुद्धा पंचाचा हात पडताच दोरीला हिसका देतो, आणि चषक शेपटी हलवत उभ्या असलेल्या एखाद्या बीगलच्या घरी जातो.