ओढीवरची गळती

डिझेलशी माझी पहिली ओळख विहिरीच्या काठावर झाली. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या वावरात पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं. त्याची टाकी इंजिनाच्या डोक्यावर. कुठला नट सैल झाला, कुठलं वायसर बसलं, की डिझेल आपल्या वजनानं खाली येणार आणि थेंब टपकणार. इंजिनाखालची माती ओली दिसली की बाबा पाना मागायचे.

त्याच इंजिनाला जोडलेला पाण्याचा पंप मात्र असं काही दाखवायचा नाही. तो पाणी खालून ओढायचा. विहिरीत उतरलेल्या पाइपाच्या जोडाला केसाएवढी फट पडली, तर पाण्याचा एक थेंब बाहेर यायचा नाही. पंप नुसता पाणी सोडून द्यायचा. "एअर घेते रे, बाबू," एवढंच बाबा म्हणायचे. मग जोडावर शेणाचा लेप थापायचे आणि पंपात वरून पाणी ओतायला मला बसवायचे. पंप ओढायला लागला की लेपही फटीत ओढला जायचा आणि फट बुजायची.

आज वाशिमात हिंगोली रस्त्याला गॅरेज चालवताना, जुन्या डिझेल कारचं बॉनेट उघडलं की मी आधी हेच ठरवतो: ही जागा दाबावरची की ओढीवरची? पंपापासून नोझलपर्यंतचा भाग दाबावरचा. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येतं. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीवरचा, कारण कारची टाकी मागे आणि खाली असते. रोटरी पंपाच्या बऱ्याच गाड्यांत पंप स्वतःच डिझेल ओढतो. तिथे फट पडली तर गाडी चालू असताना हवा आत जाते आणि खाली जमीन कोरडी राहते. अशी गाडी घेऊन आलेला माणूस गळतीचं नावही काढत नाही. तो सांगतो, गाडी सकाळी उठत नाही.

मागच्या मे महिन्यात मानोऱ्याकडचा एक शेतकरी इंडिका घेऊन आला. इंडिकांबद्दल मला आपलेपणा आहे. आमचा जिल्हा अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही गाडी बाजारात आली. १४०५ सीसीचं साधं डिझेल इंजिन, हातानं उघडता येणारं, कानानं कळणारं. तिच्या पुढच्या भागात काय कुठे आहे ते मला अंधारातही सापडतं.

"भाऊ, सकायी उठतच नाई," तो म्हणाला. "एकडाव उठली की मंग दिवसभर काईच म्हनत नाई." त्यानं बॅटरी नवी टाकली होती, स्टार्टर उघडून घेतला होता, चारही हीटर प्लग बदलले होते. पैसे गेल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. सकाळी सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येतो का? नाही, काहीच येत नाही. हीटर बिघडलेला असता तर न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं. धूर नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. दुसरा प्रश्न, रात्री गाडी कशी उभी असते? यावर तो थोडा थांबला. घरासमोर चढ आहे, तोंड वर करून लावतो. सासुरवाडीला उतारावर लावली होती, तिथे मात्र पहिल्या सेल्फला उठली. बॅटरी आणि हीटर प्लग बदलण्याआधी हा प्रश्न त्याला कुणी विचारला असता तर फार बरं झालं असतं. गाडीचं तोंड वर असलं की पंप टाकीच्या खूप वर जातो. वर कुठे फट असली तर तिथून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल रातोरात मागे टाकीत उतरतं.

पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा मी गॅरेजात कायम ठेवतो. फिल्टर आणि पंपाच्या मधे तो जोडला, गाडी चालू केली. बारीक बुडबुडे, मोहरीच्या दाण्यांसारखे, रांगेनं पंपाकडे निघाले होते. त्याला ते दाखवलं. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

हवा शिरते हे कळलं, कुठून ते कळलं नव्हतं. इथे हात शिवशिवतो. पाना घ्यावा आणि दिसेल तो नट, दिसेल तो क्लॅम्प आवळत सुटावं असं वाटतं. अकोल्यात उमेदवारी करताना मी हेच केलं होतं. एका पंपाचा पोकळ बोल्ट जास्तीचा अर्धा फेरा आवळला आणि तो आटे घेऊन माझ्या हातात आला. पंपाचं डोकं बदलावं लागलं. वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला केरोसीन आणि ब्रश दिला आणि महिनाभर फक्त इंजिनं धुवायला लावली. पाना नाही. धुताधुता मला दिसायला लागलं की ओल जिथे दिसते तिथे दोष क्वचितच असतो. डिझेल खाली ओघळतं, पंख्याच्या वाऱ्यानं मागे पसरतं, आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि खालच्याच एखाद्या निर्दोष नटावर जाड पुट चढतं. धुऊन, पुसून, कोरडं करून, वाट पाहिल्याशिवाय उगम सापडत नाही.

तर मी इंडिकाचं फिल्टर धुतलं, वाळवलं आणि सगळ्या जोडांवर खडूची भुकटी भुरभुरवली. मग स्वच्छ डिझेलचा डबा बॉनेटच्या उंचीवर टांगला आणि त्याची नळी फिल्टरच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडली. टाकी आता वर आली. जी गळती आत ओढत होती तिला आता बाहेर यावंच लागणार होतं. इंजिन बंद ठेवून आम्ही दोघं चहा प्यायला गेलो. पाऊण तासानं परतलो तेव्हा फिल्टरच्या डोक्यावरच्या हातपंपाच्या बुडाशी पांढऱ्या भुकटीत तांदळाएवढा काळा डाग उमटला होता. बाकी सगळा खडू कोरडा.

उघडून पाहिलं तर आतली रबरी रिंग लाकडासारखी कडक झालेली. नखानं दाबली तर दबेना. रबराचं असं होतंच. वऱ्हाडातला उन्हाळा, त्यात इंजिनाची धग. शिवाय डिझेलही बदललं आहे. पूर्वी त्यात दहा लाख भागांत साडेतीनशे भाग गंधक चालायचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर पन्नास आणि १ एप्रिल २०२० पासून दहा. हवेसाठी ते चांगलंच झालं, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या घटकांमुळे जुनं रबर फुगून गच्च बसलेलं असतं, ते डिझेलमधले घटकही गंधक काढण्याच्या प्रक्रियेत कमी होतात. फुगलेली रिंग आकसते आणि वर्षानुवर्षं कोरडा असलेला पंप एकाएकी ओला दिसू लागतो. म्हणून जुन्या गाडीत मी आता साधी काळी रिंग टाकत नाही. नव्या डिझेलला टिकणारी व्हायटॉनची शोधतो, मग त्यासाठी अकोल्याला माणूस पाठवावा लागला तरी चालेल.

तांब्याच्या वायसरांचं वेगळं. ती दाबली जाऊन कडक होतात, पण त्यांना पुन्हा मऊ करता येतं. तारेत ओवून ज्योतीवर लाल करायची, पाण्यात सोडायची, वरची काळी खपली घासून काढायची. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होईल, तांबं मात्र मऊ होतं. नवं वायसर मिळत असेल तर मी नवंच लावतो, पण ही रीत हाताला ठाऊक असावी. मऊ वायसर असलं की पान्याला जोर लावायची गरजच पडत नाही, आणि अर्ध्याअधिक गळत्या जोर लावूनच तयार होतात.

दाबाच्या बाजूचं एक माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगतो, ते इथेही लिहितो. नोझलच्या पाइपात शंभर बारच्या वर दाब असतो. तिथल्या बारीक भेगेतून उडणारी फवार कधी कधी दिसतही नाही. चालू इंजिनावर ती हातानं चाचपायची नाही. बोटाला सुई टोचल्याएवढं छिद्र दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत शिरलेलं डिझेल मांस मारत जातं. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला शल्यचिकित्सकाकडे जायचं. चाचपायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, पुठ्ठा ओला होतो.

रिंग बसवली. नोझलवरून परत जाणारी, कापडाच्या विणीची ओव्हरफ्लो नळीही बोटात चुरत होती, तीही बदलली; एक गळती सापडली म्हणून दुसरी नसेल असं नाही. हातपंप मारून हवा काढली. गाडी लगेच उठली, पण त्यात काही नव्हतं, दिवसा ती उठायचीच.

"आज ठेवून जा," मी म्हटलं. पोहरादेवीची सवारी ठरली होती म्हणून तो कुरकुरला, पण थांबला. गॅरेजसमोर पुढच्या दोन चाकांखाली दगड घालून गाडीचं तोंड घरच्यापेक्षाही वर केलं. पारदर्शक नळी काढली नाही.

सकाळी सहाला आलो तर तो आधीच बॉनेट उघडून उभा होता. चावी त्याच्या खिशातच होती. नळीत डिझेल काठोकाठ उभं होतं, पिवळसर, हलत नव्हतं. बुडबुडा एकही नाही.

"मारू का सेल्फ?" त्यानं विचारलं.

"मार," मी म्हटलं.