आजीची हकीकत आणि नातवाचे पोट

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की कंधार, मुखेड, जळकोट या भागांतील अनेक घरांत आजी-आजोबा आणि नातवंडे एवढीच माणसे मागे राहतात. मध्यरात्री मूल पोट धरून रडू लागले, तर निर्णय त्या वृद्धांनाच घ्यावा लागतो. या भागात व्यवसाय करताना माझे एक मत पक्के झाले आहे: लेकराच्या पोटदुखीचे निम्मे निदान घरच्या माणसाच्या हकिकतीत असते. सोनोग्राफी बरेच सांगते. पण ती कोणाची तातडीने करायची, हे हकीकत ठरवते.

बहुतेक वेळा कारण साधे असते: बद्धकोष्ठता, जुलाब, जंत किंवा लघवीचा संसर्ग. कधी न्यूमोनिया छातीत असतो आणि मूल हात पोटावर ठेवते. परंतु काही दुखण्यांत गाठ वेळेशी असते. अपेंडिक्सला सूज आली, की वेदना बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. भूक मरते, उलटी होते, मूल वाकून चालते. ५ वर्षांखालील मुलांत ही लक्षणे अस्पष्ट असतात आणि अपेंडिक्स फुटण्याचा धोका अधिक असतो. तान्हे बाळ थांबून थांबून किंचाळते, गुडघे पोटाशी घेते, मध्येच निपचित पडते, तेव्हा आतडे आतड्यात शिरलेले असू शकते. मोठा मुलगा लाजेने ओटीपोट दुखते एवढेच सांगतो. प्रत्यक्षात अंडकोषाला पीळ पडलेला असतो आणि तो साधारण ६ तासांच्या आत सोडवावा लागतो.

म्हणून ‘बेंबी सरकली’ समजून पोट चोळणे, एरंडेल पाजणे, बिब्ब्याचा चटका देणे कटाक्षाने टाळावे. त्याऐवजी घड्याळ पाहावे. दुखणे केव्हा सुरू झाले, कोठून कोठे गेले, उलटीचा रंग कोणता, शेवटची शी आणि लघवी केव्हा झाली, हे लक्षात ठेवावे किंवा शेजारच्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे.

हिरवी उलटी, ताठ पोट, रक्ताची शी, अंडकोषाची सूज किंवा सतत वाढणारी वेदना दिसली, तर सकाळची वाट पाहू नये. काही खाऊ-पिऊ न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रात्रीही उघडे असते. कारखान्यावर गेलेल्या लेकाला-सुनेला विचारल्यावाचून निघू नये, असे अनेकांना वाटते. त्यांना जरूर कळवावे. पण फोन वाटेतून करावा.