काकांच्या गाडीवरचे पांढरे शिंतोडे

तळेगाव दाभाडे

प्रिय मित्रा,


काकांच्या गाडीची काळजी आता सोड. गाडी स्वच्छ झाली आहे, रंगाला कुठे ओरखडा नाही, आणि काल काका तीच गाडी घेऊन कामशेतला नवा इंद्रायणी तांदूळ आणायला गेले होते. फोनवर त्यांनी तुला अर्धंमुर्धं सांगितलं आणि तू तिकडे मेलबर्नला जीव टांगणीला लावून बसलास, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुझ्याही कधी उपयोगी पडेल.

झालं ते असं. काका लोणावळ्याहून जुन्या हायवेने परत येत होते. कार्ला फाटा ओलांडला तर पुढे रस्त्यावर पट्टे मारायचं काम चालू. पावसाळ्यात आपल्याकडे हे काम होतच नाही, रंग धरायला रस्ता कोरडाठाक लागतो. त्यामुळे पाऊस सरला की ही कामं एकदम निघतात. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, काकांनी गाडी डावीकडे घेतली आणि डावीकडची दोन्ही चाकं कडेच्या ओल्या पट्ट्यावरून गेली. घरी पोचेस्तोवर अंधार पडला होता. सकाळी काकू तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं: चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या कडेला, मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर पांढरे शिंतोडेच शिंतोडे. गडद निळ्या गाडीवर ते लांबूनही दिसत होते.

त्याच संध्याकाळी वाटेत एखाद्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरने पाणी मारून घेतलं असतं तर बराचसा रंग तिथेच निघाला असता. रात्रभर वाळला की मात्र तो पाण्याला दाद देत नाही. वाहनांच्या चाकांखाली टिकावा म्हणूनच तो बनवलेला असतो.

यात दोन जाती आहेत. एक थर्मोप्लास्टिक. तो साधारण 180 ते 200 अंशांपर्यंत तापवून वितळवतात आणि रस्त्यावर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा थर देतात. तो काही मिनिटांत घट्ट होतो, म्हणून उडालाच तर जाड ढेकळं चिकटतात. दुसरा डब्यातला साधा पातळ रंग. त्याला वाळायला जास्त वेळ लागतो आणि गाड्यांवर शिंतोडे उडतात ते बहुतेक याचे. काकांच्या गाडीवर हाच होता, बारीक गोल ठिपके. मी बॅटरीचा उजेड तिरपा धरून पाहिलं तर ठिपक्यांत कण चमकत होते. ते काचेचे मणी. रात्री हेडलाइटचा उजेड चालकाच्या डोळ्यांकडे परत फिरावा म्हणून ते रंगावर टाकतात. म्हणूनच असा डाग कोरड्या फडक्याने घासायचा नाही. घासलास तर ते काचेचे कण गाडीच्या रंगावरून फिरतात आणि जाळ्यासारखे ओरखडे उठतात.

मी पोचलो तेव्हा काकांनी माळ्यावरून थिनरची बाटली खाली काढून ठेवली होती. शेजाऱ्यांचा सल्ला. मी हात धरून थांबवलं. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. कंपनीतून भट्टीत भाजून आलेला थर थिनरला थोडा वेळ तरी तोंड देतो. पण काकांचं मागचं डावं दार आठवतंय ना? गेल्या वर्षी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगाचा काही भरवसा नसतो. थिनरचा बोळा फिरवला असता तर पांढऱ्या डागासोबत निळा रंगही बोळ्यावर आला असता. बंपरच्या खालचं काळं प्लास्टिक तर थिनरने कायमचं पांढुरकं पडतं. पेट्रोलचंही तेच, वर आगीची भीती.

मग केलं काय? आधी गाडी सावलीत घेऊन शॅम्पूच्या पाण्याने नीट धुतली, धुळीचा कण राहू दिला नाही. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, पेट्रोलियम जेली लावून पाहिली. रंगाला काही होत नाही याची खात्री पटल्यावर प्रत्येक डागावर तिचा जाड थर दिला आणि गाडी तशीच रात्रभर ठेवली. जेलीतलं तेल डागाच्या कडेने आत शिरतं आणि त्याची पकड सैल करतं. सकाळी ओल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने नुसतं दाबून पुसलं तर बारीक ठिपके फडक्यावर आले. मोठ्यांच्या कडेला जुनं एटीएम कार्ड आडवं धरून अलगद सरकवलं आणि ते खपलीसारखे सुटले. काकूंना हे इतकं आवडलं की मागचा बंपर त्यांनी एकट्यानेच साफ केला.

तरी काही हट्टी डाग उरलेच. त्यांच्यावर डब्ल्यूडी-40 फवारलं, थोडा वेळ थांबलो, पुसलं, पुन्हा फवारलं. हे फवारताना चाकाच्या आत ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरच्या नक्षीवर थेंबही जाऊ द्यायचा नाही. ब्रेकला तेल लागलं तर गाडी नीट थांबत नाही. आम्ही डिस्क पिशवीने झाकून घेतली होती. शेवटी क्ले बार, म्हणजे गाडी साफ करायची ती मऊ माती, भरपूर साबणाचं पाणी घेऊन हलक्या हाताने फिरवला. तो जमिनीवर पडला तर उचलून परत वापरायचा नाही, सरळ फेकायचा, कारण खडे चिकटतात. मग तेल जावं म्हणून पुन्हा शॅम्पू, आणि वर वॅक्स. मडगार्डच्या आतल्या अस्तराला लागलेला रंग तसाच सोडला. तो कुणाला दिसत नाही आणि तिथे त्याने काही बिघडतही नाही.

काका मात्र त्या पट्टे मारणाऱ्यांवर अजून चिडलेले आहेत. मला ते पटत नाही. एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे लोणावळ्याची सगळी दुचाकी वाहतूक जुन्या हायवेवर, त्यात शनिवार-रविवारची पर्यटकांची झुंबड. त्या गर्दीत ती माणसं कमरेत वाकून काम करतात. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात आपण गाडी कशाच्या आधाराने चालवतो? त्याच पांढऱ्या पट्ट्यांच्या. चूक आहे ती ओल्या पट्ट्याच्या कडेने पुरेसे कोन न लावणाऱ्यांची, आणि काम दिसूनही वेग कमी न करणाऱ्या आपल्या सगळ्यांची.

तुझं एक काम आहे. थिनरची बाटली काकांनी परत माळ्यावर ठेवली आहे. माझं ते ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतील. रविवारी फोन करशील तेव्हा ती टाकून द्यायला सांग.

तुझा,
बाळपणीचा शेजारी