अर्धा सेकंद

मला शर्यतीच्या मोटारींची आवड आहे, याचे माझ्या स्नेह्यांना हसू येते. ‘मास्तर, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या माणसाला हा शौक कशाला?’ असे ते विचारतात. पण सायकलवरून चढ चढणाऱ्यालाच ओझ्याची खरी किंमत कळते! मागे वह्यांचा गठ्ठा बांधलेला असला, की न्यूटनचा नियम पायांना समजावून द्यावा लागत नाही. जोर तेवढाच राहून वजन वाढले, की वेग घेण्याची उमेद घटते.

लोटस मोटारींचा जनक कॉलिन चॅपमन याने हे पुरते ओळखले होते. इंजिन फुगविण्यापेक्षा गाडीचे अंग झडविण्याचाच त्याला ध्यास. तो १९८२ साली वारला. पण १९९६ मध्ये आलेली लोटस एलिस त्याच वळणाची निघाली. वजन जेमतेम सव्वासातशे किलो, इंजिन १२० अश्वशक्तीचेही नाही. तरी ताशी शंभर किलोमीटरचा वेग ती सुमारे सहा सेकंदांत गाठी. किडकिडीत पोरगा खो-खोत भल्याभल्यांना झुकांडी देतो ना, तसेच हे.

मग हलकी ती जलद, हा हिशेब पक्का समजावा काय? २०१७ ची पोर्शे ९११ जीटी३ पाहा. इंजिन तेच, ५०० अश्वशक्तीचे. गिअरबॉक्स मात्र दोन प्रकारचे. हाताने गिअर टाकायची गाडी १४१३ किलोंची, आपोआप गिअर बदलणारी १४३० किलोंची. हलकीला शंभराचा वेग गाठायला ३.९ सेकंद लागतात आणि जड गाडीला ३.४!

गोम क्लचमध्ये आहे. हाताने गिअर बदलताना क्लच दाबला, की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध क्षणभर तुटतो. दुसरीत क्लचच दोन. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक राबत असताना दुसऱ्याने पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो. एकाने सोडले, की त्याच क्षणी दुसऱ्याने धरलेच! ओढ तुटत नाही. जागेवरून सुटतानाही क्लच किती सोडावा हे यंत्राला पायापेक्षा अचूक साधते.

आता गंमत ऐका. २०१३ साली ही जीटी३ केवळ आपोआप बदलणाऱ्या गिअरची आली, तेव्हा शौकीन हळहळले. २०१७ मध्ये हाताचा गिअर परत आला आणि अर्धा सेकंद मागे राहण्यासाठी लोक आनंदाने पैसे मोजू लागले!

मला त्यांचे वेड परके वाटत नाही. एक धडा संपवून दुसरा काढण्यापूर्वी मी खडू खाली ठेवतो आणि थोडा थांबतो. तपासनीसाच्या घड्याळात तो वेळ फुकट गेलेला असतो. पण मुले माझ्याबरोबर आहेत की नाहीत, हे मला कळते ते तेवढ्याच वेळात.