आजोबांची टाकी

बडोद्यात आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे. ते किती जड आहे हे कळायला मीटर लागत नाही. तूरडाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, आणि नळाची तोटी दर महिन्याला व्हिनेगर लावून घासावी लागते. तरीही मी मीटर लावून बघितला. टीडीएस 640 आला. घरात फिशटँक आणायचं ठरल्यावर सगळ्यात आधी मी हे केलं, आणि तुमच्यापैकी कोणी या फंदात पडणार असेल तर तुम्हीही हेच करा. मासे नंतर बघा.

कारण ज्या छोट्या सिक्लिड माशांचे फोटो बघून आपण भुलतो, ते रॅम आणि अपिस्टोग्रामा, दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. आमच्यासारख्या पाण्यात त्यांना ठेवायचं तर आरओचं पाणी मोजून मिसळा, दर आठवड्याला बादल्या वाहा, पुन्हा तपासा, असं सगळं आलं. हौसेने ते करणारे लोक आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण आमची टाकी सांभाळणार होते आजोबा.

आजोबा 78 वर्षांचे आहेत. रेल्वेत हिशेबाच्या खात्यात होते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं सांगितलं. तेव्हापासून घरातली एकेक गोष्ट त्यांच्या हातून निघत गेली. आधी गॅस, मग स्कूटरची किल्ली, मग बँकेचं पासबुक. प्रत्येक गोष्ट काढून घेणं गरजेचंच होतं आणि प्रत्येक वेळी आम्ही ते गोड बोलूनच केलं. पण ते गॅलरीत नुसते बसून राहायचे आणि आजीला विचारायचे, "मला काही काम आहे का गं?" हे दिवसातून सात-आठ वेळा. आजीकडे उत्तर नसायचं.

म्हणून मासा असा हवा होता जो आमच्या नळाच्या पाण्यात आनंदाने राहील आणि ज्याच्याकडे तासभर बघत बसावंसं वाटेल. तो क्रिबेन्सिस निघाला. पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी भागातल्या ओढ्या-नद्यांतला. नर चार इंचांपर्यंत, मादी तीनच्या आत. आणि इथे देखणी मादी असते. तिचं पोट पिकल्या चेरीसारखं लाल होतं आणि नराला रिझवायला तीच पुढे येते. जड पाणी ती चालवून घेते.

गोव्यातल्या वाचकांना सिक्लिड म्हणजे काही परकं प्रकरण वाटायला नको. तुमचा कालुंदर याच कुळातला. या कुळातल्या मूळ भारतीय जाती अवघ्या तीन, त्यातला हा एक, आणि त्याच्या शास्त्रीय नावात, एट्रोप्लस सुराटेन्सिसमध्ये, चक्क आमच्या गुजरातचं सुरत आहे. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग यांना तळत का नाहीत?"

आता टाकीबद्दल. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. भरल्यावर शंभर लिटरच्या आसपास, म्हणजे काच, वाळू, दगड धरून सव्वाशे-दीडशे किलो ओझं, तेव्हा टीपॉयवर ठेवायचा विचारसुद्धा करू नका. लोखंडी स्टँड करून घेतला, वर प्लायवूड आणि थर्मोकोलची शीट. तळाशी बारीक वाळू, कारण क्रिब सतत उकरतात. त्याच कारणाने वाळूत रोवायची झाडं थोडीच, मागच्या कडेला व्हॅलिसनेरिया. बाकी सगळी लाकडाला आणि दगडांना दोऱ्याने बांधलेली: जावा फर्न आणि अ‍ॅनुबियास. अ‍ॅनुबियासही पश्चिम आफ्रिकेतलाच, म्हणजे माशांना गाववाला भेटला. त्याचा आडवा कंद पुरायचा नाही, पुरला की कुजतो. ही दोन्ही झाडं हळू वाढतात, त्यांना दिवसाला सहा-सात तास साधा एलईडी पुरतो आणि वेगळा कार्बन डायऑक्साइड लागत नाही. लपायला नारळाच्या दोन करवंट्या, उकळून घेतलेल्या, कडेला रुपयाएवढी खाच पाडून पालथ्या ठेवल्या. त्या आजीने दिल्या, "सोलकढीच्या नारळाच्या आहेत" असं बजावून.

मासे लगेच आणले नाहीत. स्पंज फिल्टर लावून टाकी पाच आठवडे रिकामी चालवली. माशांच्या विष्ठेतून आणि सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला एवढा वेळ लागतो. ते वसावेत म्हणून मी रोज चिमूटभर दाणे टाकत होते. सोसायटीतल्या पोरांनी मला बिनमाशांच्या टाकीला खाऊ घालणारी ताई ठरवलं होतं.

सोबतीला काय ठेवायचं, हा प्रश्न उरला. क्रिब अंडी घातल्यावर तळमजल्यावर कुणाला फिरकू देत नाहीत. बिचारे कोरिडोरास तळाशीच राहतात आणि मार खातात, म्हणून ते नकोत. वरच्या मजल्यासाठी झेब्रा डॅनिओ आणले, आठ. हे आपल्याच उपखंडातले मासे. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्यावर संशोधन चालतं आणि तिथे त्यांना 28 अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे बडोद्याचा उन्हाळा त्यांना फार अवघड जाऊ नये. तरी मे महिन्यात टाकीचं पाणी 32 वर गेलं तेव्हा झाकण काढून, वर जाळी टाकून छोटा पंखा पाण्यावर सोडला. दोन-तीन अंश उतरतात. पाणीही उडतं, ते वरचेवर भरावं लागतं. ही बादली आजोबांची.

खरा पेच खाण्याचा होता. माशांना जास्त खायला घालणं हे टाकी बिघडण्याचं सर्वात मोठं कारण, आणि आजोबांना तर दहा मिनिटांपूर्वी आपण चहा प्यायलो हे आठवत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका सकाळी पाचदा दाणे टाकले. पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. अर्धं पाणी बदलून निभावलं. बाबा म्हणाले, "डबा वर ठेव आणि तूच घालत जा." म्हणजे पुन्हा तेच. गॅस, किल्ली, पासबुक, आणि आता दाणे.

आजोबांच्या गोळ्यांचा एक डबा आहे, आठवड्याचे सात वार आणि प्रत्येक वाराला सकाळ-संध्याकाळ असे कप्पे. तसाच दुसरा आणला, हिरव्या झाकणांचा. रविवारी रात्री मी चौदा कप्प्यांत चिमूट चिमूट दाणे भरते. मोठा डबा माझ्या कपाटात. टाकीशेजारी हिरवा डबा आणि तारीख-वार दाखवणारं घड्याळ.

आता आजोबा टाकीपाशी येतात, वार बघतात, कप्पा उघडतात. रिकामा असेल तर स्वतःशीच म्हणतात, "झालं की माझं," आणि खुर्चीत बसतात. कुणाला विचारावं लागत नाही. कुणी "आजोबा, आत्ताच घातलंत ना!" असं म्हणत नाही. त्या वाक्याने त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत आहे, म्हणून सांगते. आजार हटलेला नाही. डॉक्टरांच्या मागच्या चाचणीत आकडा आणखी खाली आला. पण "मला काही काम आहे का" हा प्रश्न दुपारपुरता तरी थांबला.

श्रावणात मादी डाव्या करवंटीत शिरली ती बाहेरच येईना. खाचेशी वाळूचा ढीग. अंडी तीनेक दिवसांत फुटतात आणि पिल्लं पोहायला लागायला साधारण आणखी चार-पाच दिवस जातात. एका सकाळी आजोबांनी मला हाक मारून उठवलं. तळाशी डासाएवढ्या ठिपक्यांचा ढग सरकत होता, वर लालभडक आई, बाजूला बाप पहाऱ्याला. एखादं पिल्लू भरकटलं की आई त्याला तोंडात घ्यायची आणि कळपात आणून सोडायची. पहिल्यांदा हे बघून आजोबा ओरडले, "खाल्लं!" आणि मग हसले. हे रोजच नव्याने व्हायचं. मला त्याचा कंटाळा आला नाही.

काही पिल्लं डॅनिओंनी पळवली. उरलेली एकोणीस आता नखाएवढी झाली आहेत आणि आईबाप पुढच्या अंड्यांच्या तयारीत आहेत, म्हणजे यांना घरं शोधायला हवीत. आजोबांनी त्यांच्या जुन्या डायरीत कुणाला किती द्यायची याची यादी केली आहे, हिशेबाच्या खात्यातल्या त्या सरळ अक्षरात. शेजारचे काका तीन, आत्या चार, दूधवाला दोन. माझं नाव दोनदा आहे.